बिनकागदाचं इंजिन

उमाकांत गावंडे यांना कुणी काखेत हात घातलेला खपत नसे. त्यांच्याबद्दल माणसाला एवढी एक गोष्ट ठाऊक असली तरी पुरे होती.

दोन वर्षांचे असताना पोलिओनं डावा पाय नेला. गाव दर्यापूर तालुक्यातलं, काळ्या मातीचं. पावसाळ्यात धडधाकट दोन पायांचा माणूसही गुडघ्याएवढा रुतायचा. माय त्यांना कडेवर घेऊन शाळेत न्यायची. पहिलीत ते खपून गेलं. पण सातवीतलं पोरगं, ओठावर लव फुटलेलं, मायच्या कडेवर, आणि मागून पोट्टे "बाळ आलं रे, बाळ आलं" करत चालले आहेत, असं व्हायला लागल्यावर एका सकाळी ते मायला म्हणाले, "ठेव खाली." मायनं ठेवलं. बाभळीच्या दांड्याची कुबडी टेकत शाळेत पोचेस्तोवर दोन तास बुडाले होते. त्या दिवसानंतर मायनं उचललं नाही आणि दुसऱ्या कुणाला त्यांनी उचलू दिलं नाही. लग्नात मांडवातल्या चार जणांनी खुर्चीसकट उचलून बोहल्यावर न्यायचा घाट घातला, तर ह्या माणसानं अंतरपाट तसाच धरायला लावला आणि आपल्या चालीनं, आपल्या वेळानं, खुट खुट करत बोहल्यापर्यंत आला. बायको मधुमती अजून सांगते, "मुहूर्त टळून गेला तवाच मले समजलं, या मानसाले मदत करनं म्हंजे भांडन घरात आननं हाय."

नोकरी लागली विमा कंपनीत, अपंगांच्या राखीव जागेवर. शहाण्णव साली बदली होऊन जयपूरला आले आणि तिथलेच झाले. विद्याधर नगरचे रस्ते रुंद अन् सपाट, घर तळमजल्याचं. गावाकडे परत जायचं कुणी काढलं की म्हणत, "तिथी गेलो का मले पुन्हा कोनाच्या तरी कडेवर बसा लागन."

टेबल वाहनांच्या दाव्यांचं. कुणाची मोटार चोरीला गेलेली, कुणाची ठोकलेली, कुणाची जळून कोळसा झालेली. माणसं रडकुंडीला येऊन समोर बसत. उमाकांत आधी पाणी देत, मग कागदांची यादी देत. एक कागद कमी असला तर दावा बाजूला. सगळे असले तर तो दावा साहेबाच्या साहेबालाही अडवू देत नसत. टेबलावर आलेल्या नव्या माणसाला सांगत, कागद पुरा असला की कुणी आपल्या अंगाला हात लावू शकत नाही. तीस वर्षं हेच केलं, त्यामुळे त्यांना ते खरं वाटत होतं.

आणि त्यांची स्कूटर. दोन हजार नऊच्या ऑगस्टात घेतलेली, बिनगियरची, मागे दोन बाजूंना दोन जादा चाकं लावलेली. बनवणाऱ्या कंपनीनं पुढे गाशा गुंडाळला, तसली स्कूटर निघायची बंद झाली. तिची पाय ठेवायची फळी इतकी खाली होती की कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आधार, घातलेला पाय पँटच्या इस्त्रीच्या घडीला धरून उचलायचा, आत टाकायचा, कुबडी बाजूच्या पाइपात खोचायची, अन् बसलं. कुणाकडे बघायची गरज नाही. त्या स्कूटरवर ते मालवीय नगरच्या ऑफिसात जात, मंडीतून भाजी आणत, मधुमतीला मागे बसवून रविवारी आमेरपर्यंत जाऊन चहा पिऊन येत. सिग्नलला उभे राहिले की बाकीच्या स्कूटरवाल्यांसारखेच दिसत. त्यांना तेवढंच पाहिजे होतं.

चोवीस सालच्या एप्रिलात ऑफिसातून येताना पुलाच्या चढावर इंजिनातून लोखंडी ताटात दगड टाकल्यासारखा आवाज आला आणि स्कूटर थांबली.

शकूर मिस्त्री म्हणजे त्या स्कूटरचा पंधरा वर्षांचा डॉक्टर. त्यानं इंजिन उघडून आतलं सगळं फडक्यावर मांडलं. मग म्हणाला, "बाबूजी, पिस्टन का इलाज है, बेरिंग का इलाज है. ये खोल फट गया है."

खोल म्हणजे इंजिनाचा ओतीव डबा, ज्याच्या पोटात सगळं बसतं. त्याला बोटभर तडा गेला होता. वेल्डिंग करून पाहिलं, आठ दिवस टिकलं. पुन्हा केलं, घराच्या फाटकाशीच तेल गळालं. नवा डबा मिळणार कुठून, कंपनीच नाही.

"नवीन घेऊ ना बाबा," लेक कस्तुरी म्हणाली. ती जयपुरातच जन्मलेली, मालवीय नगरातच एका कंपनीत कामाला. मराठी बोलताना तिची जीभ दर चार शब्दांनी हिंदीला टेकायची. "मतलब आजकल कितनी छान छान येतात. साइड व्हील लावून देतात ते."

नेलं तिनं. दोन शोरूम झाले. नव्या स्कूटरी उंच, फळी वर आणि रुंद. कॅलिपर आतच जाईना. दुसऱ्या शोरूममध्ये उमाकांत बसता बसता घसरले आणि चकचकीत फरशीवर पडले. विकणाऱ्या दोन पोरी अन् एक गार्ड धावले आणि त्यांनी, कुणी काही म्हणायच्या आत, काखेत हात घालून त्यांना उभं केलं. साठीला टेकलेले खांदे, त्यांत आता पूर्वीचा जोर नव्हता. नवी उंची शिकायचं वय गेलं होतं, हे शरीराला कळलं होतं, तोंडानं म्हणायचं बाकी होतं.

मे आणि जून असे गेले. सकाळी रिक्षा बोलवायची. रिक्षाची पायरी उंच. कुबडी बघून दोन रिक्षावाले न थांबताच पुढे जात, तिसरा थांबे आणि भल्या मनानं उतरून यांना पोत्यासारखं आत ढकली. ऑफिसच्या दारात सिक्युरिटीचा गार्ड वाटच बघत असे. "आओ बाबूजी, आओ," म्हणत तो काखेत हात घाली. चांगला माणूस होता. उमाकांत त्याच्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत. दुपारचं पाणी पिणं त्यांनी बंद केलं, कारण पाणी प्यालं की उठावं लागतं. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर सगळी माणसं जाईस्तोवर खोटं काम काढून बसून राहत, उचलून नेताना कुणी पाहू नये म्हणून.

मधुमती एका संध्याकाळी म्हणाली, "अवो, लोक दयेनं करते, तुमी राग कायले धरता?"

"दया लागून राह्यली म्हनूनच त," ते म्हणाले.

शेवटी शकूरनंच वाट काढली. "इसी की बहन कहीं मरी पड़ी होगी, बाबूजी. मरी हुई ले लेते हैं, उसका खोल निकाल के इसमें डाल देंगे."

आमेरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, छीतरमल नावाच्या माणसाचा भंगाराचा वाडा होता. टपांविना जीपा, दारांविना मोटारी, आणि त्यांच्या सावलीत बांधलेल्या बकऱ्या. एका कोपऱ्यात ती उभी होती. गादी गेलेली, पुढचं चाक गेलेलं, पण डबा शाबूत. शकूरनं पालथा पडून हातानं चाचपून पाहिला आणि मान हलवली.

छीतरमल खाटेवरून उठला नाही. "कागद कोनी, बाबूजी. पैली बता द्यूं."

कागद नाहीत, आधीच सांगून टाकतो.

"किसकी थी?" उमाकांतांनी विचारलं.

"जीं की छी, बो बेच ग्यो. बो भी दूसरा सूं ल्यायो छो." ज्याची होती तो विकून गेला, त्यानंही दुसऱ्याकडून आणलेली.

"चोरी की तो नहीं?"

छीतरमल हसला. हसताना त्याचे दोन दात दिसले. "पार्ट चोरी को कोनी होवै, बाबूजी. पार्ट तो पार्ट छै."

सौदा झाला. मग छीतरमल उठला आणि छिन्नी-हातोडी घेऊन आला. त्याच्या वाड्याची ती रीत होती. बिनकागदाची गाडी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तिच्यावर कोरलेले दोन्ही नंबर, सांगाड्यावरचा अन् इंजिनावरचा, गिऱ्हाइकाच्या देखत ठोकून सपाट करायचे. तो त्याला नाव मिटवणं म्हणे. नाव मिटलं की ती गाडी कुणाचीच नाही, मग नेणाऱ्याला घोर नाही अन् देणाऱ्यालाही नाही. असे किती सौदे केले ते त्यालाही मोजता आलं नसतं.

त्यानं इंजिनाच्या डब्यावरची माती पुसली, छिन्नी टेकवली.

"रुको," उमाकांत म्हणाले. "नंबर मत मिटाओ."

शकूर हळूच म्हणाला, "मिटाने दो बाबूजी. यहाँ का कायदा है."

"नंबर मिटाना जुर्म है, शकूर. तीस साल मैंने ऐसे लोगों के दावे फेंके हैं. मैं खुद करूँ?"

छीतरमल हातोडी धरून तसाच उभा राहिला. असं गिऱ्हाईक त्याला कधी भेटलं नव्हतं. उमाकांतांनी खिशातून वही काढली, दोन्ही नंबर उतरवून घेतले, पुन्हा जुळवून पाहिले, आणि पुढची गोष्ट सांगितली. उद्या कलेक्टरेटच्या बाहेर नोटरीकडे यायचं. स्टँपपेपर करायचा. अमुक नंबरची स्कूटर, कागदपत्रांविना, फक्त सुट्या भागांसाठी, अमक्यानं तमक्याला दिली.

"ना बाबूजी," छीतरमल म्हणाला. "म्हैं लिखापढ़ी कोनी करूं."

भाकरी थापत बसलेल्या त्याच्या बायकोनं, यमुनानं, ओढणीआडून उमाकांतांकडे, त्यांच्या कुबडीकडे, कॅलिपरकडे बराच वेळ बघितलं. मग नवऱ्याला म्हणाली, "कर दे नी. बापड़ो लंगड़ो आदमी छै. ऊं सूं थारो काईं बिगड़ै?"

हा बिचारा लंगडा माणूस, याच्यानं तुझं काय बिघडणार आहे.

दुसऱ्या दिवशी छीतरमलनं सही केली. उमाकांतांनी त्या कागदाच्या तीन प्रती काढल्या, एक छीतरमलला दिली. त्यानं ती चौपदरी करून टोपीत घातली.

जुलैत शकूरनं तो डबा यांच्या स्कूटरीत बसवला. जुना फुटका डबा वितळवायला भट्टीत गेला. पहिल्या दिवशी उमाकांत कुठंही काम नसताना निघाले, मालवीय नगरपर्यंत जाऊन ऑफिसच्या दारात न थांबता परत फिरले. गार्डानं हात वर केला, यांनीही केला. आठवडाभर ते घरातल्या प्रत्येक कामाला पुढे. मीठ संपलं, मी आणतो. अंगण झाडायला झाडू पाहिजे, मी आणतो. मधुमती म्हणाली, "आता मीच हळद सांडून ठेवत जातो, म्हंजे तुमाले हिंडाले भेटन." ते हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं.

पण ऑगस्टच्या चौदाला स्कूटरच्या नोंदणीची पंधरा वर्षं भरत होती. पुढच्या पाच वर्षांसाठी गाडी आरटीओत तपासून घ्यायची, शिक्का मारून आणायचा. तपासताना इंजिनाचा नंबर बघतात, आणि तो आता नोंदणीच्या पुस्तकातल्या नंबराशी जुळणार नव्हता.

शकूर म्हणाला, "बाबूजी, बाहर दलाल बैठते हैं. अंदर गाड़ी जाती ही नहीं उनकी. कागज़ जाता है, मुहर लग के आ जाता है."

मधुमती म्हणाली, "त्याचं आइका ना अवो. सगळेच देते."

"कायले देऊ? मह्याजवळ कागद हाय ना."

कस्तुरी लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाली, "बाबा, मतलब दाखवलंच पाहिजे असं कुठे आहे? पूछा तर सांगा. नाही पूछा तर चुप."

"इचारायच्या आधी जो सांगते त्याच्यावर कोनी शक घेत नाई, बेटा. मी त्या बाजूले तीस वर्षं बसलो हावो. मले मालूम हाय."

त्यांनी फाईल केली. वर अनुक्रमणिका. अर्ज, इंजिन बदलल्याचं कारण, शकूरचं बिल, फुटक्या डब्याचे फोटो, आणि शेवटी, लाल खुणेची चिठ्ठी लावून, स्टँपपेपर. त्यांच्या टेबलावर अशी फाईल आली असती तर त्यांनी त्या माणसाला उठून नमस्कार केला असता.

तपासणीच्या मैदानात ऊन असं होतं की गाड्यांच्या टपावरून हवा थरथरत होती. निरीक्षक चाळिशीचा, घामानं भिजलेला. त्यानं कुबडी बघितली, स्कूटर बघितली, आणि दुरूनच म्हणाला, "ठीक है अंकल, आप बैठे रहिए, उतरिए मत." सांगाड्यावरच्या नंबरावर कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासून ठसा घेतला. इंजिनाकडे वाकलासुद्धा नाही. सही करायला पेन काढलं.

"साहब, इंजन का नंबर अलग है," उमाकांत म्हणाले आणि फाईल पुढे केली.

निरीक्षकानं पेन तसंच धरून फाईल चाळली. लाल चिठ्ठीपाशी थांबला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"आपने खुद लिखा है कि गाड़ी बिना कागज़ की थी?"

"जी. जो सच है वही लिखा है."

"इंजन वही लगा है? यही नंबर?"

"जी, यही. मिलान कर लीजिए."

निरीक्षकानं फाईल मिटली. आजूबाजूला चार माणसं उभी होती, दोन दलाल होते, सगळ्यांनी ऐकलं होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "अंकल, अब तो मुझे डालना पड़ेगा कंप्यूटर में." तो आत गेला. वीस मिनिटांनी बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि उमाकांतांना त्याचीच भीती वाटली. दोन हजार बाराच्या नोव्हेंबरात मालवीय नगरातून चोरीला गेलेली स्कूटर. गुन्हा नोंदलेला. नंबर अजून यादीत.

"आप फाइल ना लाते तो…" निरीक्षक म्हणाला.

स्कूटर तिथंच जप्त झाली. पोलीस आले, जीप आणली. जीपची मागची पायरी मांडीएवढी उंच. एका हवालदारानं काखेत हात घातला, दुसऱ्यानं पाय धरले. उमाकांतांची फाईल जमिनीवर पडली ती तिसऱ्यानं उचलून आणली.

ठाण्यात रात्र काढावी लागली नाही. त्यांच्या कागदावरून दिसतच होतं की हा माणूस चोर नव्हे. पण त्याच कागदावर छीतरमलचं नाव होतं, बापाचं नाव होतं, गाव होतं, सही होती. त्याला दुपारीच आणून बसवलं होतं. उमाकांतांना जबाबासाठी आत नेलं तेव्हा तो भिंतीशी उकिडवा बसला होता. टोपी नव्हती.

"बाबूजी," तो म्हणाला, "म्हैं तो हथौड़ो ले'र खड़्यो छो. थे ई रोक्यो."

मी हातोडी घेऊन उभाच होतो, तुम्हीच थांबवलंत. त्याच्या आवाजात शिवी नव्हती. जे झालं ते त्याला समजून घ्यायचं होतं.

उमाकांतांनी जबाब दिला. खरा दिला. दुसरा देता आला नाही. बाहेर पडताना फाटकाशी यमुना जेवणाचा डबा घेऊन बसली होती. तिनं यांना ओळखलं. कुबडी टेकायला जागा व्हावी म्हणून थोडी सरकली आणि तोंड फिरवून बसली. छीतरमल सतरा दिवसांनी जामिनावर सुटला. वाडा बंद झाला, बकऱ्या विकल्या गेल्या. शकूरनं नंतर दुसऱ्या भंगारवाल्यांकडे चौकशी केली तर कुणी दारात उभं करेना. "वो कागज़ वाले बाबूजी के लिए ना?" असं विचारत आणि नाही म्हणत.

चोरीला गेलेल्या त्या स्कूटरची मूळ मालकीण शोधून काढली ती कस्तुरीनं. अलका नावाची, मालवीय नगरातली निवृत्त शिक्षिका. उमाकांत भेटायला गेले. तीन पायऱ्या होत्या, त्या बसून बसून चढले, कस्तुरीला पुढे जायला सांगून. बाईंनी सरबत दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाईसाहब, आप रख लीजिए इंजन. मुझे क्या करना है उसका? मैं लिख के दे देती हूँ."

कस्तुरीचा चेहरा उजळला. उमाकांतांनी मात्र ग्लास खाली ठेवला.

"बीमे का पैसा मिला था आपको?"

"हाँ हाँ, सालभर में मिल गया था. आपकी ही कंपनी थी, बहुत अच्छे लोग थे."

रस्त्यात कस्तुरी म्हणाली, "बाबा, ती देते म्हणाली ना. मग रोता चेहरा का?"

"तिले देता येत नाही," ते म्हणाले. "चोरीचा पैसा कंपनीनं दिला का ती गाडी कंपनीची होते. बाई म्हने मी देतो, पन तिचं काई राह्यलंच नाई त्यात. कंपनीनं सोडा लागते."

"मग कंपनीला सांगा. तुमचीच तर आहे."

त्यांच्या शाखेचा मॅनेजर गंधार पुण्याचा, एकतीस वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी नवा आला तेव्हा उमाकांतांच्याच शेजारी बसून शिकला होता. त्यानं अर्ज वाचला, केबिनचं दार लावून घेतलं.

"गावंडे सर, मी सही केली असती हो. खरंच. पण कर्मचाऱ्याचा स्वतःचा संबंध असेल तर ते प्रकरण शाखेत निकाली काढायचं नाही, वर पाठवायचं, हे मला कुणी शिकवलं? पहिल्याच महिन्यात."

"मीच सांगतलं."

"वर किती दिवस लागतील? तुम्हाला जास्त माहीत."

उमाकांतांना माहीत होतं. बारा वर्षं जुनी चोरी. फाईल गोदामात. ती काढायला एक पत्र, सापडली नाही म्हणून एक पत्र, मग वकिलाचं मत, मग मूल्यांकन करणारा माणूस जयपूरला येणार, एका डब्याची किंमत ठरवणार. अशा फायली त्यांनी स्वतः वर पाठवल्या होत्या आणि पाठवणाऱ्याला म्हटलं होतं, धीर धरा.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "कधी तीन. कधी सापडतच नाई."

गंधारनं अर्ज मिटून बाजूला ठेवला. मग संकोचून दुसरा एक कागद पुढे केला. चोरीच्या मालाशी संबंध आल्याबद्दल उमाकांतांकडून खुलासा मागवलेला होता. "हे वरून आलंय सर. माझ्या हातात नाही." उमाकांतांनी पोच लिहून दिली, तारीख टाकली, वेळही टाकली.

स्कूटर ठाण्याच्या आवारात राहिली. पावसाळा झाला, दिवाळी झाली. उमाकांत सुरुवातीला महिन्यातून एकदा बघायला जात, मग जाणं सोडलं, कारण जायचं म्हणजे रिक्षात कुणीतरी ढकलायला पाहिजे. ऑफिसातही ते आता गार्ड यायच्या आधीच उचलून घ्यायला हात वर करत. कुबडी घेऊन चालायचं अंतर रोज थोडं कमी होत होतं. दारापर्यंत, मग संडासापर्यंत. मधुमतीनं एकदा चाकाच्या खुर्चीचा विषय काढला. ते चिडले नाहीत. ती घाबरली ते त्यामुळेच.

"भांडा ना अवो मह्याशी," ती म्हणाली. "काई त बोला."

"काय भांडू. खुर्ची आन तुले पायजे त," ते म्हणाले.

जानेवारीत कोर्टाचा हुकूम झाला. वकिलानं फोनवर वाचून दाखवला. स्कूटर उमाकांत गावंडे यांच्या नावावर आहे, ती त्यांना परत द्यावी. इंजिन मात्र खटल्यातला मुद्देमाल आहे, त्याची मालकी ठरेपर्यंत ते ठाण्यातच राहील.

वकील म्हणाला, "बधाई हो, गाड़ी मिल गई."

शकूर अवजारं घेऊन आला. ज्या हातांनी बसवलं होतं त्याच हातांनी त्यानं ठाण्याच्या आवारात इंजिन उतरवलं. गंजलेले बोल्ट फिरेनात, तेल सोडून सोडून तो दोन तास घासत होता. उमाकांत शेजारी स्टुलावर बसून होते. इंजिन निघालं तेव्हा स्कूटरचं ढुंगण हलकं होऊन ती पुढे कलली आणि हवा गेलेल्या पुढच्या चाकावर विसावली. इंजिनाला चिठ्ठी बांधली, त्यावर लाखेचा शिक्का मारला, आणि हवालदार ते पोटाशी धरून आत घेऊन गेला.

"यहाँ साइन करो अंकल. 'बिना इंजन प्राप्त की' लिखो."

उमाकांतांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच गोल आलं.

"अब तो इसका रजिस्ट्रेशन भी गया," हवालदार सहज म्हणाला. "ये भी बिना कागज़ की हो गई समझो." त्याला त्यात विनोद वाटला नव्हता. रोज दहा गाड्या बघणारा माणूस बोलतो तसं तो बोलला.

कस्तुरीनं लोडिंगचा टेम्पो आणला होता. शकूर, ड्रायव्हर आणि दोन पोलीस यांनी स्कूटर उचलून मागे चढवली, दोऱ्यांनी बांधली. आता उमाकांत राहिले. ड्रायव्हरच्या शेजारची जागा उंच, पाय ठेवायला कडी एवढीशी. ते कडीपर्यंत आले, हात टाकून पाहिला, पुन्हा टाकून पाहिला. खांदा उचलेना.

"बाबा, मी करते ना," कस्तुरी म्हणाली.

"मागं बसतो मी."

"मागे? मतलब सामानात?"

"मह्या गाडीवर बसतो."

मागेही चढवावंच लागलं. शकूरनं ते केलं, एका हातानं कंबर धरून, डोळे दुसरीकडे ठेवून. वर गेल्यावर मात्र उमाकांतांनी सगळ्यांना बाजूला केलं. पँटच्या इस्त्रीच्या घडीला धरून डावा पाय उचलला, फळीवर टाकला. कुबडी पाइपात खोचली. गादीवर बसले आणि दोन्ही हात हँडलवर ठेवले. शरीराला अजून सगळं पाठ होतं.

टेम्पो निघाला. कस्तुरी पुढे बसून काचेतून मागे बघत होती. हिवाळ्यातली दुपार, रस्ते भरलेले. सिग्नलला टेम्पो थांबला की शेजारच्या स्कूटरवरची माणसं मान वर करून बघत. दोरीनं बांधलेली स्कूटर, आणि तिच्यावर हँडल धरून ताठ बसलेला एक म्हातारा होत चाललेला माणूस, समोर बघणारा. एका मोटारीतून कुणीतरी मोबाइल बाहेर काढून फोटो घेतला. वळणावर टेम्पो कलला की उमाकांतही सवयीनं त्या बाजूला थोडे कलत. गाडी दुसराच कुणी चालवत होता. ब्रेकवर त्यांची बोटं पुन्हा पुन्हा दाबत होती आणि टेम्पो आपल्या मर्जीनं थांबत होता, आपल्या मर्जीनं निघत होता. विद्याधर नगरच्या त्या रुंद रस्त्यावर आल्यावर त्यांनी बोटं सोडून दिली.

घरासमोर टेम्पो लागला. मधुमती फाटकात उभी होती. शेजारचे दोघं-तिघं बाहेर आले होते. मागची फळी खाली पाडली. कुणीच पुढे झालं नाही, कारण या माणसाला उतरताना हात लावायचा नाही हे त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. आपणहून उतरतील म्हणून सगळे थांबून राहिले.

उमाकांत बसून होते. कुबडीला हात लावला नाही.

"अवो, उतरा आता," मधुमती म्हणाली. "चहा ठेवला हाय."

त्यांनी खाली बघितलं. फळीपासून जमीन कंबरभर होती, पंधरा वर्षांपूर्वी तेवढं ते हातांच्या जोरावर उतरले असते. मग शेजाऱ्यांकडे बघितलं, एकेकाकडे, आणि दोन्ही हात हँडलवरून काढून अंगापासून जरा दूर धरले, कुणालाही काखेत हात घालता येतील असे.

"उतरवा मले," ते म्हणाले.